खाटेखाली राहिलेले बूट

१२ जानेवारी

खाट रंगवायची म्हणून बाहेर ओढली, तर खाली बूट. काळे, चामड्याच्या सोलचे, माझ्या हातचे. बावीस दिवस खपून शिवले होते ते. वर्तमानपत्रात गुंडाळून ढकलून दिलेस भिंतीपर्यंत, म्हणजे विसरली नाहीस, लपवलेस. चार महिने मी जगाला सांगत फिरते की माझी नात मोठ्या ऑर्केस्ट्रात माझे बूट घालून बसते. आणि तू बसतेस कशात? दुकानातल्या त्या रबराच्या चकचकीत पादुकांत. बरोबर ना?

असो. अनेक आशीर्वाद.

टिटवे, तुझं मागचं पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं, कारण तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. चौथी शिकलेली मी, तुझ्यापेक्षा बरं काढते. त्यांनाही अर्धं कळलं नाही. “आजी, इथे सगळे म्हणतात मला बोटं आहेत.” अगं, बोटं तर जन्मली तेव्हाच मोजली होती मी, दहा भरली. ही काय सांगायची गोष्ट? नीट लिही.

सहा महिन्यांची परीक्षा तुझी. फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या फुंकणाऱ्यांच्या रांगेने हात वर करून ठरवायचं, ही मुलगी ठेवायची की घरी धाडायची. दीड महिना उरला. काय चाललंय ते सरळ सांग. आणि हे बूट पाठवू का ते कळव. बाजावाल्याच्या पायात चामड्याचाच सोल लागतो, एवढं तुला आठ वर्षं शिकून कळलं नाही का?

आजी

१७ जानेवारी

आजी, रागावू नकोस ना गं! रागावलीस तरी वाच.

बूट लपवले, कबूल. किती जड आहेत ते! चालले की टॉक टॉक वाजतात. स्टेजवर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. रबराच्या बुटात मी मांजरासारखी जाऊन बसते, कुणाला पत्ता लागत नाही.

आता बोटांचं. इथली भाषाच वेगळी आहे आणि मला ती जाम आवडते. कठीण जागा कुणी झरझर वाजवली की म्हणतात “बोटं आहेत”. क्लॅरिनेट मधेच किंचाळलं तर “बदक सुटलं”. ठरल्या क्षणी शिरला तर “खिळा”. समोर काठी घेऊन उभे राहतात ते “काठीवाले”, पण तोंडावर सर. माझ्या शेजारी बासूनवर, म्हणजे खर्ज्यातल्या लांबलचक बाजावर, एक म्हातारे बसतात, सहा फूट उंच आणि वाजवताना डोळ्याची पापणीही हलत नाही, त्यांचं नाव “खांब”. आणि नुसताच वेग असेल, मागे काही नसेल, तर “गिरणी”. एका मुलीला म्हणतात तसं. असो, तो विषय नाही.

विषय हा की आमच्या पहिल्या क्लॅरिनेटच्या मोठ्या बाईंचा खांदा धरलाय, आणि फेब्रुवारीच्या कार्यक्रमात त्यांच्या जागी मी!!! मधे एक तुकडा आहे, सगळा ऑर्केस्ट्रा गप्प आणि मी एकटी. आधी घसरगुंडीसारखी धावती जागा, आणि शेवटी एक लांब सूर, एकटाच, विरत जाणारा. धावती जागा मी कागदावर आहे त्यापेक्षाही वेगात बसवलीय. मास्तरीणबाईंच्या फोनवर पाठवलीय, ऐक. ऐकून उडशील.

एकच गोष्ट खटकते. इथे कुणी कुणाला शाबास म्हणत नाही. कितीही चांगलं वाजवा, कुणाच्या तोंडातून शब्द नाही. माझ्याशी तर चहाच्या वेळेलाही फारसं बोलत नाहीत. मोठ्या जागेतली माणसं अशीच असतील.

तुझी,
दहा बोटांची

२४ जानेवारी

ऐकलं. उडले नाही, बसल्या जागीच आहे.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “काय वेग आहे हो!” मी म्हटलं, वेग आहेच, पण ही श्वास कुठे घेते? पुन्हा लावायला सांगितलं. शेवटच्या लांब सुराला तू पोचतेस आणि तिथून पळतेस. पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी. सूर धरला न धरला की सोडलास.

मला बाजातलं काही कळत नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण माझं दुकान बत्तीस वर्षं थिएटरच्या भिंतीला भिंत लावून होतं. इथल्या ऑर्केस्ट्राचे बूट माझ्याकडे यायचे. माणूस काय वाजवतो ते मी तोंड न बघता सांगायचे, बूट उलटा करून. चेलोवाल्याचा सोल आतल्या कडेला झिजतो. काठीवाल्याचा चवड्यावर, कारण तो सारखा उंच व्हायला बघतो. घाबरट असेल त्याची टाच वर्षभर नवीच्या नवी, कारण ती जमिनीला टेकतच नाही. तू लहान असताना तुझी टाच तशीच होती, आताची माहीत नाही. फुंकणाऱ्यांचं आणखी वेगळं असतं, ते तुला ठाऊक असेलच.

आता हाताचं ऐक. मी पहिल्यांदा ज्या दुकानात लागले तिथे एक बाई होती. चहा निवायच्या आत सोल शिवून मोकळी. आम्ही कामं टाकून तिचे हात बघायचो. आणि महिन्याभरात तिचे बूट परत यायचे, जबडा उघडून. का? टाका ओढला की मेणाचा दोरा क्षणभर ताणून धरावा लागतो. मेण बसेपर्यंत. तेवढा वेळ हाताने काहीही करायचं नसतं. तिला ते जमायचं नाही, तिचे हात पुढच्या टाक्यावर पोचलेले असायचे. मला आरी दोन महिन्यांत चालवता आली. ते काहीच न करणं यायला सात वर्षं लागली. आणि त्या सात वर्षांत मालकाची काय काय बोलणी खाल्ली ते लिहायला हा कागद पुरायचा नाही.

तुझ्या त्या शेवटच्या सुराचं मेण बसू दे. धावायचं तेवढं धाव, मी कोण अडवणारी.

आणि ती गिरणी म्हणजे कोणती मुलगी ते मी विचारत नाही. मला बूट उलटा न करता कळलं.

आजी

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजी,

तुझं ऐकलं आणि माझं हसं झालं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. खोलीत भिंतीकडे तोंड करून एकच सूर. घरमालकीण वर येऊन विचारून गेली, गॅस गळतोय का म्हणून. धावती जागा मुद्दाम थोडी हळू केली, मधे श्वासाला जागा ठेवली. आणि शेवटचा सूर धरून ठेवला, तुझं ते मेण बसेपर्यंत. आज तालमीत वाजवला. आजी, खरं सांगते, असा माझ्याकडून आजपर्यंत निघाला नव्हता. तो विरला आणि मला वाटलं, बस, आता काही झालं तरी चालेल.

आणि काय झालं माहितेय? माझी रांग पाय घासायला लागली. खरखर, खरखर. फरशीवर, सगळ्यांनी, एकदम. झुरळ चिरडतात तसं. खांबसुद्धा! तोंडावर काही नाही, सरळ पुढे बघतायत, आणि खाली पाय चालू. मागचे ट्रम्पेटवालेही सामील झाले. काठीवाले हसले. मला काय करावं कळेना. क्लॅरिनेट पुसायचं सोंग करून तालीम संपेपर्यंत मान खाली घालून बसले आणि संपल्याबरोबर पळाले.

आधीही कधीकधी पाय घासतात ते, दुसऱ्यांच्या वेळेला. मला वाटायचं, थंडी वाजते किंवा बसून अवघडतात. पण आज इतका आवाज! आजच का?

आता सगळंच सांगते. गिरणी मीच. पहिल्या महिन्यातच ठेवलं नाव. रांगेत मला कुणी जवळ करत नाही. खांब एकदा म्हणाले, “तुला आमचं काही पोचतच नाही, पोरी.” मी काय केलंय त्यांचं? ही माणसं मला मत देणार नाहीत, लिहून ठेव.

एका प्रवासी जहाजावरच्या बँडला वाजवणारी हवी आहे. तिथे वेगच लागतो, लोक टाळ्या वाजवतात, तोंडभर कौतुक करतात. शनिवारी अकरा वाजता त्यांच्या ऑफिसात सही करायची, दोन वर्षांचा करार. रविवारचा कार्यक्रम दुसरं कुणी वाजवेल. मी ठरवलंय. फोन बंद ठेवलाय, समजवायला येऊ नकोस.

टिटवी

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सही करू नकोस.
सही करू नकोस.
आधी हे दोनदा वाच, मग पुढचं.

तुझं पत्र आत्ता नऊ वाजता आलं. मास्तरीणबाईंनी सात वेळा फोन लावला, बंद. आता हे मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय. त्या म्हणतात अक्षर नीट काढा, मी म्हणते बाई, बाजूला व्हा. दुपारच्या बसच्या ड्रायव्हरला मी ओळखते, त्याच्या आईचे बूट मी शिवलेत. त्याच्या हाती हे पत्र आणि खोकं देतेय. संध्याकाळी तो तुझ्या दारात येऊन उभा राहील आणि तू दार उघडेपर्यंत हलणार नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलंय.

मूर्ख मुली. ती दाद होती.

ऐक. थिएटरचे फुंकणारे लोक बूट आणायचे, तर प्रत्येकाचा सोल चवड्याखाली आडवा खरवडलेला. किसणीवर घासल्यासारखा. माझ्या हातचं चामडं असं खराब झालेलं मला खपेना. एका बासरीवाल्याला मी दुकानात झापलं, “बुटाने फरशी पुसता काय हो?” तो म्हणाला, “मावशी, हातात वाद्य असतं, तोंडाला वाद्य असतं. शेजारच्याने जीव ओतून वाजवलं तर टाळी कशाने देणार? मग पाय घासतो.” त्या दिवसापासून मला सोल बघून कळायचं, या महिन्यात थिएटरात चांगलं वाजलं की नाही. चांगला महिना असला की बूट लवकर दुरुस्तीला यायचे. एका वर्षी नवीन ओबोवाली आली, तर सगळ्या रांगेचे सोल दीड महिन्यात पातळ. मी तिला न बघता ओळखत होते.

तू लिहितेस, ट्रम्पेटवाल्यांनीही घासले. काठीवाले हसले. अगं, तुझी रांग मंगळवारी तुझ्यासाठी सोल झिजवत होती आणि तू क्लॅरिनेट पुसत बसलीस!

आता दुसरं, आणि हे जास्त वाईट. साडेपाच महिन्यांत तू किती वेळा पाय घासलेस? शेजारी बसून खांबाने काय काय वाजवलं असेल, आणि तुझे पाय गप्प. ते मांजराचे रबरी बूट घालून. त्या म्हाताऱ्याने तुला तोंडाने सांगितलंसुद्धा, तुला आमचं काही पोचत नाही. बरोबरच बोलला. सगळी रांग घासतेय आणि एक मुलगी आपली पुढची पानं बोटांनी चाळतेय. मी असते तर गिरणीपेक्षा वाईट नाव ठेवलं असतं.

चूक माझी अर्धी. मला वाटलं एवढं तुला ठाऊक असणारच, म्हणून चामड्याचा सोल का लागतो ते सांगितलं नाही. मी काय जाणे, तू मास्तरांसमोर एकटीच शिकलीस, रांगेत बसलीच नाहीस कधी. अर्धीच चूक हो, अर्धी तुझी. बूट लपवलेस ती.

खोक्यात तेच बूट आहेत. रंगवलेल्या खाटेचा वास अजून येतोय त्यांना, चालेल. उद्या घालून तालमीला जा. जहाज बुडालं तरी चालेल.

आजी

२८ फेब्रुवारी

आजी! आजी आजी आजी!

बूट साडेसातला आले. ड्रायव्हर म्हणाला, “दार उघडलं नसतं तर मी इथेच झोपलो असतो, तुझ्या आजीला तोंड कोण दाखवणार?” पत्र जिन्यातच उभ्याने वाचलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. आणि मग रबरी बूट फरशीवर घासून बघितले. चूंऽऽ असं काहीतरी झालं, उंदीर सापडल्यासारखं. चामड्याचे घासले. खर्रर्र. अगदी मंगळवारचा आवाज.

शनिवारी दहाला तालीम, अकराला जहाज. मी तालमीला गेले. टॉक टॉक करत स्टेजभर चालले, सगळ्यांनी वळून बघितलं. बघू दे म्हटलं.

पहिल्यांदाच मी खांबांचा तुकडा ऐकला, आजी. शेजारी बसून साडेपाच महिने मी त्या वेळेला माझ्या पुढच्या जागा मनात मोजत असायचे. चारच सूर आहेत त्यांचे. हळू. चारच. आणि प्रत्येकाचं मेण बसलेलं! मला कुणी सांगावं लागलं नाही, माझे पाय आपोआप चालले. पण नवा कोरा सोल, आणि मी जोर लावला घाबरून. अख्ख्या हॉलमध्ये खर्रर्रर्र! जणू कुणी कपाट सरकवलं. काठीवाल्यांनी काठी खाली घेतली. मला वाटलं, गेले आता. खांब सावकाश वळले, माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाले, “आले का पाय? आम्हाला वाटलं हिला कमरेपर्यंतच बनवलंय.”

हॉल फुटला हसून. मी मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं, झुरळासकट. मोठ्या बाई खांदा बांधून आल्या होत्या ऐकायला, त्या हसता हसता खांदा धरून ओरडल्या. म्हणाल्या, “आणि आम्हाला वाटत होतं, ही स्वतःला कोण समजते!” अकरा कधी वाजून गेले माहीत नाही.

रविवारी वाजवलं. धावत्या जागेत एक बदक सुटलं. हो, सुटलं! भर कार्यक्रमात, केवढं तरी. आधी असं झालं असतं तर मी तिथेच मेले असते. पण समोर लांब सूर होता, त्याच्याकडे जायचं होतं. गेले. धरला. आणि सोडायच्या आधीच खालून ऐकू यायला लागलं. हलकं, कार्यक्रमातलं, लोकांना कळू नये असं. मला कळलं.

काल मतं होती. रांगेतले नऊ जण. आठ हात वर. एक नाही, आणि तो खांबांचा! काठीवाल्यांनी विचारलं, “तुमचं मत?” खांब म्हणाले, “हातात बासून आहे, दिसत नाही? ऐकू तरी येतंय ना?” आणि खाली बघितलं तर त्यांचे पाय चालू होते.

राहिले मी, आजी! कायमची!

आणखी एक. तुझं मेण मी खांबांना सांगितलं होतं. आता रांगेत तो शब्दच झालाय. कुणी सूर लवकर सोडला की शेजारून येतं, “मेण!” काल काठीवाल्यांनी व्हायोलिनवाल्यांना सुद्धा म्हटलं.

रविवारचं वाजवणं फोनवर पाठवलंय. ऐक आणि लगेच लिही.

तुझी टिटवी
(पाय असलेली)

५ मार्च

माझा शब्द मला न विचारता अख्ख्या ऑर्केस्ट्राला वाटलास. त्यातून व्हायोलिनवाल्यांना, ज्यांनी जन्मात कधी बूट वेळेवर परत नेले नाहीत. बरं.

आशीर्वाद.

ऐकलं. मास्तरीणबाई रडल्या, मी नाही. त्या बदकाला त्या दचकल्या, मी म्हटलं, गप बसा, पुढे ऐका. पुढचं चार वेळा लावायला लावलं. त्या आता गावभर सांगत सुटल्यात की शेवटच्या सुराला टेबलाखाली माझे पाय हलले. खोटं आहे. पायाला मुंग्या आल्या होत्या. आणि घरात मी सपाता घालते, त्यांचा आवाजच येत नाही, तर त्यांना कळलं कसं?

आता कामाचं. बूट चार महिन्यांनी माझ्याकडे पाठव, पॉलिश न करता. मी उलटे करून बघणार. चवड्याखाली आडवं खरवडलेलं दिसलं तर नवा सोल घालून देईन. गुळगुळीत दिसले तर समजेन की पुन्हा स्वतःच्याच जागा मोजत बसलीस, आणि मग बूट परत मिळणार नाहीत. टाचही बघेन. टाच टेकव.

शेवटचा सूर चांगला होता. पण मला वाटतं, अजून अर्धा क्षण धरता आला असता. मास्तरीणबाई म्हणतात पुरेसा होता, त्यांना काय कळतं. तुला विचारलं तर तू म्हणशील, बसलं मेण, आजी, पूर्ण बसलं. म्हणून या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. खांबाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, बासून खाली ठेवून. मेण बसलं की नाही, एवढंच. आणि त्यांचा बूट कितीच्या मापाचा आहे तेही. तू फक्त पाकीट चिकटव.

आजी